साडीवरचे शिक्के आणि विणकराची मजुरी

कापड विकत घेणारा मनुष्य पूर्वी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारीत असे : रंग टिकेल का, आणि भाव काही कमी होईल का. अलीकडे या दोहोंत तिसऱ्या प्रश्नाची भर पडू लागली आहे. हे वस्त्र कोणी तयार केले, आणि त्याला त्याचे काय मिळाले? विशेषतः शहरांतील तरुण-तरुणी हा प्रश्न विचारताना आढळतात. या प्रवृत्तीला 'एथिकल फॅशन' असे नाव मिळाले आहे. मराठीत तिला अद्याप सर्वमान्य शब्द नाही. प्रस्तुत लेखापुरते आपण 'न्याय्य वस्त्र' असे म्हणू.

या प्रश्नाला जगभर धार आली ती एका दुर्घटनेमुळे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तीत युरोप-अमेरिकेतील नामांकित दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना सकाळी कामावर बोलावण्यात आले. १,१३४ माणसे मेली. ढिगाऱ्यातून प्रेतांबरोबर कपड्यांच्या चिठ्ठ्याही निघाल्या, आणि त्या चिठ्ठ्यांवरची नावे हजारो मैल दूरच्या लोकांच्या कपाटांत होती. 'माझे कपडे कोणी केले?' ही चळवळ त्यानंतरची.

तरीही प्रश्न तेवढा नवा नाही. अठराव्या शतकात जॉन वुलमन हा अमेरिकन क्वेकर उपदेशक रंगविलेली वस्त्रे घालण्याचे सोडून बिनरंगी कपड्यांत वावरू लागला. गुलामांच्या श्रमांतून आलेल्या वस्तू शक्य तो वापरू नयेत, असेही त्याचे मत होते. १७९१ मध्ये इंग्लंडातील असंख्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधील गुलामांनी पिकविलेली साखर वर्ज्य केली. आपल्या महाराष्ट्रात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताच्या खादीत गेले, आणि १९०५ नंतर स्वदेशीच्या लाटेत परदेशी कापड घरोघर टाकून देण्यात आले. या साऱ्यांत वस्त्र हा विवेकाचा विषय झाला होता, यात शंका नाही.

पण स्वदेशीच्या इतिहासातील एक बाजू सहसा सांगितली जात नाही. ज्या वर्षांत मुंबईच्या गिरण्यांचे कापड देशभक्तीचे चिन्ह म्हणून विकले जात होते, त्याच वर्षांत त्या गिरण्यांत विजेचे दिवे आल्यामुळे कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत ताणला गेला होता. पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणण्यास १९११ चा कायदा यावा लागला. त्याआधी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली होती, आणि आठवड्याची एक सुटी मिळण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला होता. ग्राहकाने कापड कोणत्या देशाचे आहे हे पाहिले. ते कोणत्या हातांचे आहे हे पाहिले नाही. हा भेद या लेखाचा विषय आहे.

आपल्या मंडळ्यांतही पेहरावाविषयी उपदेश कमी होत नाही. तो बहुधा स्त्रियांना उद्देशून असतो, आणि १ तीमथ्य २:९ किंवा १ पेत्र ३:३ यांच्या आधारे साधेपणा व मर्यादा एवढ्यावर थांबतो. वस्त्र किती भारी, किती भडक, किती तोकडे, याची चर्चा होते. ते विणणाऱ्याची चूल पेटली की नाही, हा प्रश्न व्यासपीठावरून मी क्वचितच ऐकला आहे. पवित्र शास्त्राला मात्र तो अपरिचित नाही.

अनुवाद २४ हा अध्याय उघडावा. १० ते १३ या वचनांत गरिबाने गहाण ठेवलेल्या पांघरुणाचा नियम आहे. सावकाराने गहाण आणण्यासाठी त्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, आणि पांघरूण असेल तर सूर्यास्ताच्या वेळी परत करावे, म्हणजे तो ते घेऊन झोपेल. लगेच पुढच्या दोन वचनांत मजुराच्या मजुरीचा नियम येतो. तीही त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावयाची आहे, मग तो मजूर आपल्या लोकांपैकी असो की परका. वस्त्र आणि मजुरी हे दोन विषय शेजारी ठेवून दोहोंना एकाच सूर्याची मुदत घातली आहे. मजुराचे त्या मजुरीशी असलेले नाते सांगताना मूळ इब्रीत जो वाक्प्रचार आहे, त्यात 'नेफेश' हा शब्द येतो. नेफेश म्हणजे जीव, श्वास, कधी गळासुद्धा. तो आपला जीव तिच्याकडे उचलतो, असा काहीसा अक्षरशः अर्थ होईल. भाषांतरात येथे 'आशा' किंवा 'भिस्त' असा शब्द योजण्याचा मोह होतो. पण मुळात भावना नसून पोट आहे.

लेवीय १९:१३ मध्ये याच नियमासाठी वेगळा शब्द आहे : 'पेउल्ला'. त्याचा अर्थ काम असाही होतो आणि कामाचा मोबदला असाही होतो. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याला येथे दोहोंपैकी एक निवडावे लागते. मराठीला ती अडचण नाही. आपण 'मजुरी करतो' आणि 'मजुरी घेतो', शब्द एकच. ज्या भाषेत काम आणि त्याचे दाम यांना एकच नाव आहे, त्या भाषेत दाम ठेवून घेणे म्हणजे काम ठेवून घेणे, माणसाच्या आयुष्याचे तितके दिवस ठेवून घेणे होय.

याकोब ५ मध्ये तर श्रीमंतांच्या कसर लागलेल्या वस्त्रांचा उल्लेख दुसऱ्या वचनात आणि शेत कापणाऱ्यांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीचा उल्लेख चौथ्या वचनात आहे. या चौथ्या वचनात प्राचीन हस्तलिखितांत एक पाठभेद आढळतो. काहींत मजुरी 'रोखून धरलेली, मागे ठेवलेली' अशा अर्थाचे क्रियापद आहे, काहींत 'लुबाडलेली' अशा अर्थाचे. ग्रीकमध्ये फरक दोन-तीन अक्षरांचा आहे. पाठचिकित्सकांना त्याचे महत्त्व वाटते, आणि वाटावे. पण ज्याची मजुरी तीन वर्षे अडकली त्याला तो फरक कितपत जाणवेल, हे आपण पुढे पाहू.

हे सर्व प्रत्यक्षात कसे दिसते यासाठी मी तामिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एक गाव घेतो : कुंभकोणम्‌च्या पूर्वेचे आडुतुरै. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नसावा. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसले होते, आणि या भागात अजूनही मराठी बोलणारी घरे आहेत. शेतीच्या क्षेत्रात आडुतुरैचे नाव भातामुळे सर्वज्ञात आहे. येथील भात संशोधन केंद्र १९२२ पासूनचे असून त्याच्या वाणांची नावेच 'एडीटी' या गावाच्या आद्याक्षरांनी सुरू होतात. बियाणाच्या पिशवीवर गावाचे नाव छापलेले असते.

आडुतुरैहून कुंभकोणम्‌कडे जाताना वाटेत तिरुभुवनम् लागते. हे रेशमी साड्यांचे गाव. तिरुभुवनम्‌ची साडी घडी घालण्याच्या पद्धतीवरून ओळखू येते. ती हातपंख्याच्या चुण्यांसारखी दुमडलेली असते. विणकरांपैकी बरेचजण सौराष्ट्री भाषा बोलतात. ही भाषा ऐकताना मराठी कानाला मधूनच ओळखीचा शब्द सापडतो. (रेशीम विणणाऱ्यांचे संघ आपल्या देशात किती जुने व किती बळकट होते, याची साक्ष मंदसोरच्या शिलालेखात आहे. लाट देशातून दशपुरास आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने इ. स. ४३६ मध्ये तेथे सूर्यमंदिर बांधले आणि ४७३ मध्ये त्याची डागडुजी केली. लेखात राजाची स्तुती आहेच, पण स्वतःच्या रेशमाचीही स्तुती करून घेण्यास ते विसरले नाहीत.) तिरुभुवनम्‌च्या विणकरांची सहकारी संस्था १९५५ मधील आहे, आणि २०१९ मध्ये येथील साडीला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता या साडीच्या पदरावरचे व चिठ्ठीवरचे शिक्के वाचू या. पहिला असतो सिल्क मार्क. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये सुरू केलेल्या योजनेतील हा शिक्का रेशीम अस्सल आहे एवढे सांगतो. हँडलूम मार्क २००६ चा. वस्त्र यंत्रमागावर नव्हे, हातमागावर विणले आहे, हे त्यावरून कळते. भौगोलिक मानांकन सांगते की साडी त्या विशिष्ट भागातलीच आहे. आपल्या पैठणीला ते २०१० मध्ये मिळाले. हे शिक्के उपयुक्त आहेत, यंत्रमागावरची नक्कल हातमागाच्या भावाने खपविणाऱ्याला त्यांनी थोडा तरी आळा बसतो. परंतु नीट पाहिले तर हे तिन्ही शिक्के वस्त्राविषयी साक्ष देतात. धागा खरा, माग खरा, गाव खरे. मजुरीविषयी त्यांच्यापैकी एकही काही बोलत नाही. ग्राहक फसला नाही याची हमी मिळते. विणकर फसला की नाही हे चिठ्ठीवर नसते.

आणि मजुरी मोजणे वाटते तितके सोपेही नाही. रेशीम प्रथम उकळून त्याचा चिकट अंश काढतात. त्यात त्याचे वजन जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटते. मग रंगणी होते. ताण्याचे हजारो धागे उलगडून, ताणून, फणीतून ओवावे लागतात. बाण्यासाठी धोट्यात घालायच्या कांड्या भराव्या लागतात. हे झाल्यावर विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. मजुरी ठरते ती एका साडीची, आणि हिशेबात नाव येते ते विणकराचे. कांड्या भरणारी त्याची बायको, ताणा जोडताना टोक धरणारी मुलगी वा म्हातारी आई, यांचे श्रम त्याच आकड्यात मुरून जातात. एका माणसाची म्हणून दिलेली मजुरी दोघा-तिघांची असते. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या, आणि साडेआठ लाखांच्या आसपास लोक विणकाम न करता कांड्या भरणे, ताणा करणे यांसारखी पूरक कामे करणारे होते. विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होते. उत्पन्न कुटुंबाचे आहे, एकट्याचे नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

ऋतूचाही भाग आहे. या किनाऱ्याला मोठा पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो. उघड्यावर ताणा पसरता येत नाही, दमट हवेत धागा नीट चालत नाही, आणि मागाच्या खड्ड्यात पाणी झिरपते. दिवाळीची मागणी नेमकी याच सुमारास असते. ग्राहकाला दिवाळीत सूट मिळते. विणकराला याच दिवसांत माग बंद ठेवावा लागतो, आणि तो खासगी व्यापाऱ्याकडे विणीत असेल तर उचल घ्यावी लागते. उचल पुढच्या साड्यांतून वळती होते. सहकारी संस्थेत निदान नक्षीनुसार दर ठरलेला असतो व नोंद राहते. म्हणूनच संस्था कितीही रखडत चालल्या तरी त्या मोडल्या जाऊ नयेत, असे मला वाटते.

रेशमाच्या बाबतीत हल्ली सहृदय ग्राहक आणखी एक प्रश्न करतो : कोशातला कीटक जिवंत उकळला का? हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी कीटक उडून गेल्यानंतरच्या कोशांपासून रेशीम काढण्याची पद्धत रूढ केली, तिला अहिंसा रेशीम म्हणतात. कीटकाविषयीचा कळवळा वावगा नव्हे. पण त्याच दुकानात कीटकाची चौकशी होते आणि विणकराची होत नाही, तेव्हा मन खिन्न होते.

आता कावेरीच्या वरच्या अंगाला जाऊ. कोइंबतूरकडून येणारी नोय्यल नदी करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते, आणि आडुतुरैचे भात ज्या कावेरीवर पिकते ती हीच. नोय्यलच्या काठी तिरुप्पूर आहे. बनियन, टी-शर्ट आणि इतर विणीच्या कपड्यांचे देशातील सर्वांत मोठे निर्यात केंद्र. तेथील रंगणी कारखान्यांचे पाणी नोय्यलमध्ये जाई. ओरत्तुपाळयम् येथे शेतीसाठी बांधून १९९२ मध्ये पुरे झालेले धरण रंगमिश्रित खाऱ्या पाण्याने भरले, आणि ज्यांच्यासाठी ते बांधले त्या शेतकऱ्यांनाच त्याच्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले. अखेरीस जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईपर्यंत रंगणी कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला. नदीला उसंत मिळाली. हजारो कामगारांचा रोजगार मात्र एका दिवसात गेला, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

याच पट्ट्यातील सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाची एक पद्धत होती. नाव मंगल, सौभाग्याचे. गरीब, पुष्कळदा दलित घरांतील अविवाहित मुलींना तीन वर्षांच्या करारावर वसतिगृहात ठेवून कामाला लावायचे, रोजची मजुरी तुटपुंजी द्यायची, आणि मुदत संपल्यावर लग्नासाठी म्हणून एकरकमी पैसे द्यायचे. मुलगी आजारी पडून वा छळाला कंटाळून मुदतीआधी गेली, तर पुष्कळदा त्या रकमेला ती मुकत असे. २०११ मध्ये नेदरलँड्समधील सोमो या संशोधन संस्थेने व तिच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर अहवाल प्रसिद्ध केला आणि हे सूत कोणकोणत्या परदेशी नावांपर्यंत पोहोचते ते दाखविले. नियमशास्त्राची मुदत सूर्यास्ताची. येथे एक हजार सूर्यास्त. याकोबाच्या पत्रातील तो पाठभेद येथे आठवावा. रोखून धरलेली मजुरी कोणत्या दिवशी लुबाडलेली मजुरी होते?

अशा प्रकारांवर उपाय म्हणून तपासणी व प्रमाणपत्रे आली. त्यांवर मी फार वेळ घेणार नाही. एकच उदाहरण पुरे : कराचीतील अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगारांच्या सुस्थितीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, आणि ११ सप्टेंबर २०१२ रोजी तेथे आग लागून अडीचशेहून अधिक माणसे जळाली व गुदमरली. तपासनीस येतो, कागद पाहतो, जातो. रात्रपाळीत तो नसतो.

याहून वेगळा मार्ग दिंडीगूल जिल्ह्यात निघाला. जानेवारी २०२१ मध्ये तेथील एका कापड कारखान्यात काम करणाऱ्या वीस-एकवीस वर्षांच्या दलित मुलीचा खून झाला. आरोप तिच्या पर्यवेक्षकावर आला, आणि कारखान्यात आधीपासून चाललेल्या छळाच्या कहाण्या बाहेर पडल्या. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील तामिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन या संघटनेने प्रकरण सोडले नाही. परदेशांतील ग्राहक-संघटनांनी दुकानांवर दडपण आणले. २०२२ मध्ये उत्पादक कंपनी व संघटना यांच्यात करार झाला, आणि एच अँड एम, पाठोपाठ गॅप व पीव्हीएच या खरेदीदार कंपन्यांनीही आपल्याला त्यात बांधून घेतले. करारानुसार कामगार स्त्रियांपैकीच काहीजणींना शिकवून तयार करण्यात आले. छळ दिसला की त्या नोंद करतात व तक्रार पुढे नेतात, आणि उत्पादकाने कराराचा भंग केल्यास खरेदीदाराला त्याच्यावर कारवाई करणे भाग आहे. येथे ग्राहकाच्या विवेकाला फळ आले, कारण तो कामगाराच्या तोंडून बोलला. राणा प्लाझानंतर २०१३ मध्ये बांगलादेशात झालेला बंधनकारक करारही कामगार संघटनांसह होता. मोठ्या दुकानांची स्वतःची आचारसंहिता त्याआधीही होतीच.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती एवढे सामर्थ्य नाही. लग्नाचा बस्ता काढायला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा सोलापूरच्या पेठेत गेलेले कुटुंब दुकानदाराला काय विचारणार? तरी काही विचारता येते. साडी सहकारी संस्थेची आहे की व्यापाऱ्याने विणून घेतलेली? संस्थेची असल्यास कोणत्या? या नक्षीला विणकराला किती मिळाले? दुकानदार बहुधा हसेल, किंवा रेशीम शुद्ध असल्याचे पुन्हा सांगेल. पण हाच प्रश्न दहाव्या गिऱ्हाइकाने विचारला तर तो पुरवठादाराला विचारील. व्यापार असाच चालतो. हे केवळ उंची साड्यांपुरते नाही. शंभर-दीडशे रुपयांचा टी-शर्ट हाती घेताना, एवढ्या पैशांत कापूस, सूत, रंग, शिलाई, वाहतूक व दुकानाचा नफा बसवल्यावर शिलाई करणारीच्या वाट्याला काय उरले असेल, हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो. रविवारच्या शाळेत तो फळ्यावर करून पाहावा.

तामिळनाडूच्या विणकरांची शिखर सहकारी संस्था को-ऑप्टेक्स, १९३५ मध्ये स्थापन झालेली, हिने काही वर्षांपूर्वी आपल्या काही रेशमी साड्यांना विणकराचे नाव व छायाचित्र असलेले पत्रक जोडण्यास सुरुवात केली. बियाणाच्या पिशवीवर आडुतुरैचे नाव असते तसे साडीवर माणसाचे नाव आले. ज्यांनी अशी साडी नेसली आहे त्यांना ते पत्रक फेकून देववत नाही. त्याच पत्रकावर मजुरीचा आकडा छापण्यास फारशी शाई लागणार नाही, आणि विणकराच्या नावाशेजारी कांड्या कोणी भरल्या त्या बाईचे नाव घालण्यासही जागा आहे.